‘फोकच्या देवा’ला बँड का लागला?

जपानमध्ये 1970 च्या जूनमध्ये एक एलपी बाजारात आली. नाव ‘मिरु माए नि तोबे’, म्हणजे ‘पाहण्याआधी उडी मार’. गायक आणि बहुतेक गाण्यांचा गीतकार-संगीतकार एकच: ओकाबायाशी नोबुयासु, वय वर्षं 23. (जपानी रीतीप्रमाणे आडनाव आधी, म्हणून ओकाबायाशी हे आडनाव.) अल्बमचं नाव त्याचं स्वतःचं नाही. ओए केन्झाबुरो या कादंबरीकाराच्या 1958 सालच्या एका कथेचं ते नाव, आणि ओएनं ते डब्ल्यू. एच. ऑडन या इंग्रज कवीच्या कवितेवरून घेतलेलं.

त्याच महिन्यात, 23 जूनला, जपान-अमेरिका सुरक्षा कराराची दहा वर्षांची मुदत संपली आणि करार आपोआप पुढे चालू झाला. तो थांबवायचाच म्हणून जपानी विद्यार्थी दोन-तीन वर्षं रस्त्यावर होते. त्यांच्या मोर्च्यांत जी गाणी गायली जायची, त्यांतलं सर्वांत गाजलेलं गाणं याच ओकाबायाशीचं. लोक त्याला ‘फोकचा देव’ म्हणायचे. आणि नेमक्या त्या महिन्यात हा देव इलेक्ट्रिक गिटार, बास आणि ड्रम घेऊन आला, आणि चळवळीची भाषा त्याने आतून उलटी करून दाखवली.

ही रेकॉर्ड समजायला अवघड नाही, पण नुसती ऐकून ती कळत नाही. जपानी येत नसेल तर नाहीच, आणि जपानी येत असेल तरी तिच्या मागचा संदर्भ माहीत हवा. म्हणून तिथूनच सुरुवात करू.

‘फोक’ म्हणजे लोकगीत नव्हे

जपानमध्ये लोकगीताला ‘मिन्यो’ म्हणतात. भातलावणीची, मासेमारीची, गावच्या उत्सवाची गाणी त्यात येतात. ‘फोक’ हा शब्द मात्र अमेरिकेहून आला आणि त्याचा अर्थ झाला गिटार हातात घेऊन साध्या चालीत म्हटलेलं गाणं. सुरुवातीला हा शहरी, चांगल्या घरच्या कॉलेजकुमारांचा छंद होता. 1966 मध्ये माइक माकी या गायकाचं ‘बारा गा साइता’ (गुलाब फुलला) हे गाणं तुफान चाललं आणि जपानी फोकचा पहिला मोठा हिट म्हणून त्याची नोंद झाली. गंमत अशी की ते लिहिलं आणि स्वरबद्ध केलं होतं हामागुची कुरानोसुके यांनी, आणि ते होते ‘कायोक्योकू’चे, म्हणजे त्या काळच्या लोकप्रिय चित्रपटी-रेडिओ छापाच्या गाण्यांचे, नामांकित संगीतकार. म्हणजे ‘आपलं गाणं आपण लिहायचं’ म्हणणाऱ्या प्रकारातलं पहिलं यश एका व्यावसायिकाच्या हातचं! हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्या काळी रेकॉर्ड कंपन्यांची रीत अशी: गीतकार आणि संगीतकार कंपनीशी करारानं बांधलेले, त्यांनी गाणं तयार करायचं आणि कंपनीनं ते गायकाला द्यायचं. गायकाला काही म्हणायचंय की नाही हा प्रश्नच नव्हता. त्यावर उद्योगाचीच एक नैतिकता समिती बसलेली. राजकारण, भेदभाव, लैंगिक विषय, सम्राट, असं काही दिसलं की गाणं अडकायचं. रेडिओ-टीव्हीच्या खासगी वाहिन्यांची ‘जपून वाजवायच्या’ गाण्यांची यादी वेगळीच.

या चौकटीला पहिला तडा दिला तो क्योतोच्या ‘फोक क्रुसेडर्स’ या विद्यार्थ्यांच्या गटानं. त्यांनी 1967 मध्ये स्वतःच्या पैशानं काढलेल्या रेकॉर्डमधलं एक विनोदी गाणं डिसेंबरात मोठ्या कंपनीनं पुन्हा काढलं आणि ते वीस लाखांहून जास्त खपलं. दारू पिऊन गाडी चालवताना मेलेला माणूस स्वर्गातूनही हाकलला जातो, अशी गोष्ट. आवाज टेपची गती वाढवून चिरका केलेला. पुढचं गाणं होतं ‘इमजिन नदी’, मूळ उत्तर कोरियाचं, फाळणीच्या दुःखाचं. 1968 च्या फेब्रुवारीत, विक्रीला येण्याच्या तोंडावर, राजकीय वादाच्या भीतीनं कंपनीनं ते मागे घेतलं.

लोकांना ऐकायचंय, गायकांना गायचंय, आणि मधला दुकानदार घाबरतोय. यातून 1969 मध्ये ओसाकाच्या हाता मासाआकी यांनी ‘यूआरसी’ सुरू केली, म्हणजे अंडरग्राउंड रेकॉर्ड क्लब. युक्ती सरळ होती. रेकॉर्ड दुकानात विकायचीच नाही. सदस्यांकडून वर्गणी घ्यायची आणि दर दोन महिन्यांनी एक एलपी आणि दोन सिंगल टपालानं घरी पाठवायच्या. दुकान नाही, तर समितीही नाही. मागणी इतकी आली की त्याच वर्षीच्या ऑगस्टपासून त्या रेकॉर्ड उघड विक्रीलाही आल्या. ओकाबायाशीचे पहिले दोन्ही अल्बम यूआरसीचेच. ही कंपनी नसती तर त्यातली निम्मी गाणी कुठल्याही स्टुडिओच्या दाराबाहेर पडली नसती.

पाद्र्याचा मुलगा

ओकाबायाशीचा जन्म 1946 चा, बिवा सरोवराकाठच्या शिगा प्रांतात, ओमी-हाचिमानचा. वडील ख्रिस्ती पाद्री. मुलगा क्योतोच्या दोशिशा विद्यापीठात धर्मशास्त्र शिकायला गेला, पण चर्चवरचा विश्वास उडाला आणि शिक्षण अर्धवट राहिलं. तोक्योतल्या सान्या या रोजंदारीवरच्या मजुरांच्या वस्तीत जाऊन त्यानं अंगमेहनतीची कामं केली. गिटार हाती आली ती ताकाइशी तोमोया या गायकाला ऐकल्यावर.

1968 च्या सप्टेंबरात व्हिक्टर कंपनीकडून पहिली सिंगल आली: एका बाजूला ‘सान्या ब्लूज’, दुसऱ्या बाजूला ‘तोमो यो’ (मित्रा). त्याआधी ठरलेलं एक शिवराळ गाणं नैतिकता समितीनं अडवलं होतं. ‘सान्या ब्लूज’चं नाव ब्लूज असलं तरी चाल अस्सल जपानी, दारूच्या गुत्त्यात शोभेल अशी. दिवसाचं काम संपलंय, आता स्वस्त दारू प्यायची, कारण दुसरं करण्यासारखं काही नाही, असं म्हणणारा मजूर. ‘तोमो यो’ त्याच्या अगदी उलट. अंधार आहे, मित्रा, पण पहाट जवळ आली आहे, एवढंच सांगणारं गाणं. पहिल्यांदा ऐकणाऱ्यालाही दुसऱ्या कडव्यापासून सोबत म्हणता येतं.

म्हणूनच ते चालत सुटलं. 1969 च्या पहिल्या सहामाहीत तोक्योच्या शिन्जुकु स्टेशनच्या पश्चिम दाराच्या भुयारी चौकात दर शनिवारी तरुण मंडळी गिटार घेऊन बसायची आणि व्हिएतनाम युद्धाविरुद्ध गायची. गर्दी हजारोंच्या घरात जायची. जूनच्या अखेरीस पोलिसांनी अश्रुधूर सोडला. जुलैत अधिकाऱ्यांनी शेवटी जो उपाय केला तो मला अजूनही अफलातून वाटतो: ‘चौक’ असं लिहिलेल्या पाट्या काढून ‘मार्गिका’ अशा पाट्या लावल्या. चौकात थांबता येतं, मार्गिकेत थांबलात तर तो वाहतुकीला अडथळा! त्या चौकातल्या गर्दीचं लाडकं गाणं होतं ‘तोमो यो’.

त्या ऑगस्टमध्ये पहिला अल्बम आला, ‘वाताशी ओ दान्झाइ सेयो’ (मला दोषी ठरवा). त्यात ‘तेगामी’ (पत्र) हे गाणं आहे. एका मुलीचं पत्र: लग्न ठरत होतं, पण मुलाकडच्यांना कळलं की ती बुराकू वस्तीतली आहे आणि सगळं मोडलं. बुराकू म्हणजे जपानमधला पिढीजात हलका ठरवलेला समाज, ज्याच्याकडे चामड्याची, कत्तलखान्याची कामं असायची. हा भेद कागदावरून 1871 मध्येच रद्द झाला, पण सोयरीक जुळवताना तो बरोब्बर वर यायचा. मराठी वाचकाला याहून जास्त समजवायला नको. गाण्यात आक्रोश नाही, घोषणा नाही. इथे माझा जन्म झाला यात वाईट काय, एवढाच तिचा प्रश्न.

हे सगळं एका तेवीस वर्षांच्या मुलाच्या अंगावर आलं. कामगारांच्या संगीत संघटना गावोगाव त्याचे कार्यक्रम लावायच्या. श्रोत्यांना त्याच्याकडून गाण्यांबरोबर उत्तरंही हवी होती: आम्ही काय करावं, तू कुणाच्या बाजूचा, क्रांती कधी? 1969 च्या सप्टेंबरात ठरलेले कार्यक्रम टाकून तो गायब झाला. मागे चिठ्ठी: ‘जुलाब बरे करायला जातोय.’ देवाकडून अशी चिठ्ठी कोण अपेक्षील!

ड्रम आले की शब्दांचं काय होतं

1970 च्या वसंतात तो परतला तो बँड घेऊनच. बँडचं नाव ‘हॅपी एंड’: बासवर होसोनो हारुओमी, गिटारवर ओताकी एइची आणि सुझुकी शिगेरु, ड्रमवर मात्सुमोतो ताकाशी. तेव्हा त्यांना फारसं कुणी ओळखत नव्हतं. त्यांचा स्वतःचा पहिला अल्बम त्याच वर्षी ऑगस्टमध्ये यायचा होता. पुढे हे चौघे जपानी पॉपचे आधारस्तंभ झाले, पण तो वेगळा विषय. या एलपीची सूत्रं होती हायाकावा योशिओ यांच्याकडे. ‘जॅक्स’ या नुकत्याच मोडलेल्या, काळोख्या, विचित्र आणि माझ्या मते काळाच्या फार पुढे असलेल्या बँडचे ते गायक. ‘लव्ह जनरेशन’ आणि ‘दातेन्शी रॉक’ (पतित देवदूताचं रॉक) ही या एलपीवरची दोन गाणी मुळात जॅक्सचीच.

आता खरी तांत्रिक अडचण. एकटा माणूस गिटार घेऊन गातो तेव्हा ताल त्याच्या मुठीत असतो. शब्द लांबला तर गिटार थांबते, ओळीत चार अक्षरं जास्त झाली तर ती भरभर म्हणून टाकता येतात. फोक गायकांच्या कहाण्या सांगणाऱ्या गाण्यांचा सगळा मोकळेपणा यातच असतो. ड्रम आले की ही सोय संपते. माप ठरलेलं, आणि दुसऱ्या व चौथ्या ठोक्यावर जोर. शब्दांना त्या मापात बसावं लागतं.

इंग्रजीला ते सोपं जातं, कारण इंग्रजी शब्दात एक भाग जोरकस आणि बाकीचे दबलेले असतात. जोरकस भाग ठोक्यावर ठेवला की ओळ आपोआप डुलायला लागते. जपानीत असा जोर नाही. आवाज थोडा वर-खाली जातो, पण प्रत्येक तुकडा सारख्याच वेळात उच्चारला जातो. आपल्याला हे समजायला एक सोय आहे: मात्रा. लघुला एक, गुरूला दोन, जोडाक्षराआधीचं अक्षर गुरू, ही शाळेत वृत्तं मोजताना शिकलेली रीत जपानीला बऱ्यापैकी लागू पडते. ‘तोक्यो’ हा शब्द जपानी माणूस चार तुकड्यांत मोजतो, कारण दोन्ही ओकार दीर्घ आहेत. ‘निप्पोन’चेही चारच. फरक एवढाच की त्यांच्याकडे ए आणि ओ ऱ्हस्वही असतात. हायकूचे ते प्रसिद्ध पाच-सात-पाच म्हणजे अशाच मात्रा.

अशी सपाट, समान पावलांनी चालणारी भाषा रॉकच्या ठोक्यावर बसवायची कशी? यावरून जपानी संगीत मासिकांत पुढल्या वर्षी, 1971 मध्ये, चांगलंच वाजलं. रॉक गायक उचिदा युयासारख्या मंडळींचं म्हणणं होतं की रॉक इंग्रजीतच गावं, जगात जायचं तर तोच रस्ता. हॅपी एंडचं म्हणणं उलट. त्यांनी वाट काढली ती अशी की मात्सुमोतो शब्द मधेच तोडायचा आणि ओताकी ते असे ओढून गायचा की जपानी असूनही ते पटकन कळायचे नाहीत.

ओकाबायाशीची वाट या वादाच्या आधीची आणि निराळी. त्यानं भाषेचा सपाटपणा लपवला नाही, तोच वापरला. या एलपीवरचं सर्वांत महत्त्वाचं गाणं घ्या, ‘वाताशिताची नो नोझोमु मोनो वा’, म्हणजे ‘आम्हाला जे हवंय ते’. शीर्षकच गाण्याची टेक आहे. मोजून पाहा: वा-ता-शि-ता-चि-नो, सहा. नो-झो-मु-मो-नो-वा, सहा. (आपण देवनागरीत दीर्घ लिहितो, पण इथे प्रत्येक तुकडा एकच मात्रा घेतो.) सहा आणि सहा, एकही तुकडा दुसऱ्यापेक्षा जड नाही. हा सपाट बारा मात्रांचा ठोकळा तो पुन:पुन्हा ठेवत जातो, प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला, आणि मागचा बँड हळूहळू चढत जातो. शब्द डुलत नाहीत. डुलण्याचं काम बास आणि ड्रमवर सोपवलेलं. गाणारा मात्र एखादा ठराव वाचून दाखवतोय अशा चालीत पुढे जातो. मोर्च्यातली घोषणा आणि रॉक यांचं लग्न लागतं ते नेमकं इथे.

उलटणारं गाणं

आता ठरावात काय आहे ते पाहू. प्रत्येक कडव्याचा साचा एकच: आम्हाला जे हवंय ते अमुक नव्हे, आम्हाला जे हवंय ते तमुक. आधी जगण्याचं दुःख नको, जगण्याचा आनंद हवा. मग समाजासाठी मी नव्हे, तर आमच्यासाठी समाज. मग कुणी दिलेलं नको, हिसकावून घेतलेलं हवं. तुला मारणं नको, तुझ्यासोबत जगणं हवं. आणि पालुपद: आज आहे त्या दुर्दैवात थांबून चालणार नाही, न पाहिलेल्या सुखाकडे आत्ताच झेप घ्यायची. अल्बमच्या नावातली उडी इथली.

इथवर हे उत्तम चळवळीचं गाणं आहे. 1970 च्या कुठल्याही सभेत टाळ्या घेईल.

मग गाडी रुळावरून सरकू लागते. एका कडव्यात तो म्हणतो की आम्हाला जे हवंय ते ‘आम्ही’ तर मुळीच नव्हे, तर मी ‘मी’च राहणं. वाक्याची सुरुवात ‘आम्ही’नं, आणि आतून त्याच ‘आम्ही’ला नकार. ज्या माणसाला हजारोंनी आपला आवाज करून टाकलं, त्यानं त्या हजारोंच्याच व्याकरणात दिलेला हा राजीनामा म्हणायला हवा. ऐकणाऱ्याच्या लक्षात येईस्तोवर ते कडवं निघून गेलेलं असतं, कारण टेक तीच आणि चाल तीच.

आणि शेवटी साचा सरळ उलटतो. आम्हाला जे हवंय ते जगण्याचा आनंद नव्हे, जगण्याचं दुःख. तुझ्यासोबत जगणं नव्हे, तुला मारणं. पालुपदही उलटं: आज आहे त्या सुखात थांबून चालणार नाही, न पाहिलेल्या दुर्दैवाकडे आत्ताच झेप घ्यायची.

याचा अर्थ काय लावायचा, यावर मतं अनेक आहेत. काही जण यात चळवळीच्या शेवटच्या टप्प्यातल्या हिंसेची चाहूल ऐकतात. पुढे 1971-72 च्या हिवाळ्यात जपानी डाव्या अतिरेकी गटानं डोंगरातल्या छावण्यांमध्ये आपल्याच साथीदारांना हाल करून मारलं, ते आठवून हे कडवं ऐकलं की अंगावर काटा येतो. पण गाणं आधीचं आहे, तेव्हा त्याला भविष्यवाणी ठरवण्यात मला अर्थ वाटत नाही. माझं वाचन साधं आहे. तो दाखवतोय की घोषणेचा साचा इतका पोकळ आहे की त्यात आनंद घाला किंवा दुःख घाला, जगणं घाला किंवा मारणं घाला, गर्दी त्याच जोशात म्हणेल. आणि खरंच, ऐकणारा शेवटच्या कडव्यात पहिल्याइतकाच ताल धरून असतो. बँड नसता तर हे जमलं नसतं. एकट्या गिटारवर शब्द उघडे पडतात, श्रोता प्रत्येक ओळ तपासतो. ड्रमच्या चढत्या लाटेवर मात्र तो वाहून जातो, आणि वाहून जाणं हाच तर गाण्याचा विषय आहे. फोकच्या देवाला बँड का लागला याचं माझं उत्तर हे. फॅशन होती, बॉब डिलननं 1965 मध्ये न्यूपोर्टच्या फोक महोत्सवात तेच केलं होतं, हे सगळं खरं. पण हे गाणं बँडशिवाय अर्धंच राहिलं असतं.

त्याचीच दुसरी बाजू म्हणजे ‘जियू ए नो नागाइ ताबी’ (स्वातंत्र्याकडचा लांबचा प्रवास). इथे ‘आम्ही’ नाहीच. कधी कोण जाणे, मी मी राहिलो नाही, वाऱ्यावरच्या सुक्या पानासारखा झालो. पुन्हा मी होण्यासाठी ज्या जगानं मला वाढवलं त्याचा निरोप घेऊन निघालोय, एकटा. विश्वास ठेवायचाय म्हणून शंका घेत राहतोय, अशीही एक ओळ आहे. पाद्र्याच्या घरातून आणि चळवळीतून, दोन्ही मठांतून बाहेर पडलेल्या माणसाचं हे गाणं. मला विचाराल तर एलपीवरचं सर्वांत सुंदर हेच.

बाकीच्या गाण्यांत टवाळी भरपूर आहे. एक गाणं पोलिसमामांना अर्पण, एक सार्वजनिक प्रसारणसंस्था एनएचकेला अर्पण. दोन्ही अर्पणांचा सूर काय असेल ते सांगायला नको. ‘सेइ तो बुन्का नो काकुमेइ’ (लैंगिकता आणि संस्कृती यांची क्रांती) हे नाव मनोविश्लेषक विल्हेल्म राइख यांच्या तेव्हा विद्यार्थ्यांत हातोहात फिरणाऱ्या पुस्तकाच्या जपानी भाषांतराचं. आणि मग ‘रोल ओव्हर कुरानोसुके’. अमेरिकन रॉक गायक चक बेरीनं ‘रोल ओव्हर बीथोव्हेन’ या गाण्यात बीथोव्हेनला बाजूला सरक म्हणून सांगितलं होतं. इथे सरकायचंय कुरानोसुके यांना. होय, ‘गुलाब फुलला’ लिहिणारे तेच हामागुची. फोकच्या नावाखाली पहिलं फळ तोडलं ते कायोक्योकूवाल्यानं, याचा हिशेब चार वर्षांनी चुकता झाला. असे विनोद ज्यांच्यासाठी केले त्यांनाच पुरते कळतात, आणि पन्नास वर्षांनी ते थोडे शिळेही लागतात. हे मी या एलपीचं दुबळं अंग मानतो. दोन-तीन गाणी निव्वळ मस्करीत खर्ची पडली आहेत.

पुढे

1970 च्या ऑगस्टमध्ये गिफू प्रांतातल्या नाकात्सुगावाच्या डोंगरात दुसरी अखिल जपान फोक जांबोरी भरली. (पहिली 1969 ची, अमेरिकेतल्या वुडस्टॉक संगीत महोत्सवाच्या आठवडाभर आधीची, जपानी लोक हे आवर्जून सांगतात.) तिथे ओकाबायाशी आणि हॅपी एंड एकत्र गायले आणि ‘आम्हाला जे हवंय ते’ तिथून दंतकथा झालं. पुढच्या वर्षीच्या तिसऱ्या जांबोरीत श्रोत्यांनीच मंच ताब्यात घेतला, तास न् तास वादावादी झाली, आणि तो मेळावा त्या रूपात पुन्हा भरला नाही.

ओकाबायाशीनं त्याआधीच, 1971 च्या जुलैत, तोक्योच्या हिबिया उद्यानातल्या खुल्या रंगमंचावर मोठी मैफल केली आणि मग मोर्चा वळवला खेड्याकडे. क्योतो प्रांतातल्या, माणसं सोडून चाललेल्या एका गावात त्यानं कित्येक वर्षं शेती केली. 1973 मध्ये मात्सुमोतो ताकाशीच्या निर्मितीखाली ‘किनइरो नो लायन’ (सोनेरी सिंह) आला, पण तोही मोर्च्यासाठी नव्हता. शेतावर राहताना त्याच्या कानांना भावली ती एन्का, म्हणजे दारू, बंदरं आणि विरहाची ती रडवी गाणी, जी फोकवाल्या बुद्धिमंतांना मागासलेली वाटायची. 1975 मध्ये एन्काची सम्राज्ञी मिसोरा हिबारी हिनं त्याचं गाणं गायलं. जुन्या चाहत्यांना हे गद्दारीसारखं वाटलं. मला ‘सान्या ब्लूज’ची चाल आठवते आणि नवल वाटत नाही.

1980 च्या दशकात तो आणखी मागे गेला, मिन्योपर्यंत. भातलावणीच्या आणि होडीच्या वल्ह्यांच्या ठेक्यांवर त्यानं स्वतःची लय बांधली आणि तिला नाव दिलं ‘एन्यातोत्तो’, जे मुळात काम करताना घातलेल्या हाळीचे बोल आहेत. अमेरिकन ठोक्यात जपानी शब्द बसवण्याची 1970 ची कसरत त्याच्यापुरती अशी संपली: शब्द बदलायचे नाहीत, ठोकाच बदलायचा. 2021 मध्ये, पंचाहत्तरीला टेकला असताना, तब्बल 23 वर्षांनी त्याचा संपूर्ण नव्या गाण्यांचा अल्बम आला, ‘फुक्कात्सु नो आसा’: पुनरुत्थानाची सकाळ. पाद्र्याचा मुलगा तो पाद्र्याचाच मुलगा.

ऐकायला बसायचं तर एलपी पहिल्यापासून शेवटपर्यंत लावू नका, भाषा येत नसेल तर टवाळीची गाणी कंटाळा आणतील. आधी 1968 चं ‘तोमो यो’ ऐका, म्हणजे सोडून काय दिलं ते कळेल. मग ‘स्वातंत्र्याकडचा लांबचा प्रवास’. त्यानंतर ‘आम्हाला जे हवंय ते’, आणि ते ऐकताना शब्दांकडे लक्ष न देता फक्त होसोनोचा बास धरा. गाणं कुठे उलटतं ते बासवरून कळतं का पाहा. मला तरी कळत नाही.